नुसते फोटो काढा

माझ्या भाचीचं नाव छबी. हे नाव ठेवलं तेव्हा आमच्या घरात कॅमेरा सोडाच, धड आरसाही नव्हता. आरशाचा एक तुकडा होता. त्यात अर्धं कुटुंब सकाळी दिसायचं आणि उरलेलं अर्धं संध्याकाळी. नाव ठेवलं मी. पुढे पोरगी खरोखरच फोटोग्राफर झाली, तेव्हा मी दिसेल त्याला सांगत सुटलो की मी ठेवलेलं नाव फुकट जात नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे छबीची आई, म्हणाली, "नावं ठेवण्यात तू पहिल्यापासूनच पटाईत. दुसरं काय केलंस जन्मभर?"

छबीच्या पाठच्या भावाला मात्र मी नाव ठेवलं नाही, ते त्याला आपोआप चिकटलं. भुंग्या. पोरगा दिवसभर गुणगुणायचा. जेवताना, अभ्यास करताना, झोपेतसुद्धा. एकदा तापानं फणफणून गप्प पडला, तर शेजारचे विचारायला आले की तुमच्याकडची वीज गेली का, आवाज बंद झालाय. मी थोडं वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. इथे वाढवलेलं नाही. विचारायला दोन घरचे आले होते, एका घरचे नंतर कळल्यावर येऊन गेले.

हा भुंग्या परीक्षेत नापास झाला आणि घरी पास म्हणून सांगून बसला. छबीला कॉलेजात कळलं. रात्री जेवायला बसल्यावर तिनं ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं. वाईट हेतू नव्हता, भावंडं एकमेकांच्या चहाड्या करतातच. मेहुणे ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "उद्या निकालाचा कागद आणून दाखव." दुसऱ्या दिवशी भुंग्या कागद आणायला गेला. त्यानंतर मेहुण्यांचे केस पिकले, मग मेहुणेही गेले. ताई अजूनही कुणी विचारलं तर म्हणते, "कागद आणायला गेलाय."

आता छबीचे फोटो. रस्त्यात चालताना तिला एखादी पाठ दिसायची. तेच खांदे, तीच मान. काळीज लक्कन हलायचं. ती मागून भराभरा गाठायची आणि म्हणायची, "अहो, जरा ऐकता का?" माणूस वळायचा. वळताक्षणी ती बटण दाबायची, कारण वळण्याआधीचा तो एक क्षण तो भुंग्याच असायचा. मग चेहरा दिसायचा. असे किती जण तिनं वळवले त्याला गणती नाही. एक बँकेतला कारकून निघाला. एक पोलीस निघाला, त्यानं तिला चौकीवर नेऊन चहा पाजला आणि मग कॅमेऱ्याचा परवाना मागितला. एक तर बाईच निघाली, तिनं छत्रीनं हाणलं. आणि एकदा वळला तो मी. मी भाजी घेत होतो. तो फोटोही तिनं ठेवलाय. माझा इतका निष्पाप चेहरा दुसऱ्या कुठल्याही फोटोत आलेला नाही.

विद्यापीठाच्या कलादालनानं ह्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरवलं. छबीनं प्रदर्शनाला नाव दिलं 'तो नव्हे'. वर्तमानपत्रात बातमी आली, छबीच्या फोटोसकट, पत्त्यासकट, वेळेसकट. ज्यांनी वाचली त्यांना वाटलं, काहीतरी खोल विचार असणार. विचार काही नव्हता. रिक्षात बसताना ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मामा, भुंग्या पेपर वाचतो. जाहिराती, निविदा, हरवले-सापडले, सगळं वाचतो. त्यानं हे वाचलं असणार. तो आज येणार."

"येईल की," मी म्हणालो.

"आज नाही आला तर..." ती म्हणाली. तिकडे ताई रिक्षावाल्याला सांगत होती, "जरा हळू घ्या हो, माझ्या गुडघ्यांचे खिळे उडतील." गुडघ्यांत खिळे नाहीत. पण ती जिना चढते तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडायला जातात, एवढं खरं.

दालनात शिरलो आणि छबी दारातच थबकली.

भिंती पांढऱ्या, लख्ख, आणि रिकाम्या. खिळे होते. खिळ्यांखाली नावांच्या पट्ट्या होत्या: 'बसथांबा. खांदे त्याचेच.' 'दवाखान्याची रांग. मान त्याचीच.' फोटो एकही नाही. खाली भिंतीशी मोकळ्या फ्रेमा टेकवून ठेवलेल्या, काचांची चळत, मधे जुने कागद, पुठ्ठ्यांचा ढीग. टेबलावर सगळे फोटो नीट एकावर एक रचलेले, वर वजन म्हणून पाण्याचा तांब्या. शेजारी स्टुलावर दालनाचा शिपाई, घाम पुसत, लग्नकार्य उरकल्यासारखा समाधानानं बसलेला.

"काढले सगळे," तो म्हणाला. "दुपारपासून एकटाच काढतोय. दोन काचा गेल्या तेवढ्या."

दालनाच्या प्रमुखबाई आमच्या मागूनच आल्या. हातात फुलांचा गुच्छ होता, तो हातातच राहिला. "हे काय केलंत?"

"तुम्हीच फोन केलात ना बाई. म्हणालात, पाहुणे यायच्या आत सगळे फोटो काढून ठेवा."

"अहो, काढून म्हणजे मोबाईलवर! वर्तमानपत्रांना पाठवायला!"

"मी विचारलं, फ्रेमसकट काढू का? तुम्ही म्हणालात, फ्रेम नको, काच चमकते, नुसते फोटो काढा." शिपाई आता उभा राहिला होता. "मी म्हटलं बाई, मागचे खिळे उपसावे लागतील. तर तुम्ही म्हणालात, कसेही काढा, पण स्वच्छ काढा."

"मला खिळे ऐकू आलं नाही! मी गाडीत होते!"

"स्वच्छ काढलेत," शिपाई म्हणाला. "एकालाही डाग नाही. बघून घ्या."

दुसरी कुठली वेळ असती तर ही गोष्ट मी वर्षभर पुरवून सांगितली असती. पण माझं लक्ष छबीकडे गेलं. तिच्या तोंडावरचा रंगच उतरला होता. ती कुणावर ओरडली नाही. दाराकडे बघत म्हणाली, "मामा, तो आला आणि त्यानं दारातून डोकावलं, तर त्याला काय दिसेल?"

"अगं, अजून वेळ..."

"तो आत येणार नाही. तो दारातूनच बघेल. भिंती रिकाम्या दिसल्या तर त्याला वाटेल, चुकीच्या जागी आलो. तो परत जाईल, मामा." आणि तिनं टेबलावरचा तांब्या उचलून खाली ठेवला. पाणी सांडलं, तिला कळलंही नाही.

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. फ्रेमा परत भरायला वेळ नव्हता. कुठली काच कुठल्या फ्रेमची, कुठला माउंट कुठल्या फोटोचा, काही कळेना. माउंट म्हणजे फोटोभोवती असते ती जाड पुठ्ठ्याची पांढरी चौकट. छबीनं त्या पुठ्ठ्यांच्या खिडक्या अशा कापून घेतल्या होत्या की आत फक्त वळलेला माणूस दिसावा; आजूबाजूचा रस्ता, दुकानं, गर्दी सगळं पुठ्ठ्याखाली जावं. आता पुठ्ठे राहिले ढिगात. प्रमुखबाईंनी कचेरीतून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली, आणि आम्ही नुसते उघडे फोटो भिंतीवर चिकटवत सुटलो. मिळेल तो फोटो, मिळेल त्या जागी. बसथांब्याच्या नावावर बँकेतला कारकून गेला, दवाखान्याच्या रांगेत मी भाजी घेताना. प्रमुखबाई चपला काढून खुर्चीवर चढल्या. शिपाई दातांनी पट्टी तोडत होता आणि पुटपुटत होता, "काढा म्हणतात, लावा म्हणतात."

"तुम्ही गप्प बसा!" प्रमुखबाई खुर्चीवरून म्हणाल्या.

"बसतो कुठं बाई, उभाच आहे दुपारपासून."

छबीचं एकच चाललं होतं. फोटो घ्यायची, चिकटवायची, दाराकडे बघायची. फोटो घ्यायची, चिकटवायची, दाराकडे बघायची. कुठल्याच फोटोकडे मात्र तिनं धड पाहिलं नाही. तिची ही सवयच. 'तो नव्हे' एवढं एकदा कळलं की त्या फोटोकडे परत बघायचा तिला धीर होत नसे. संगणकावर मधल्या चेहऱ्याभोवती पुठ्ठ्याच्या खिडकीपुरता चौकोन आखायची, अख्खा फोटो छापायला पाठवायची, आणि छापून आलेलं परस्पर फ्रेमवाल्याकडे जायचं.

ताईला आम्ही मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. तिला ह्या गोंधळाचं काहीच नव्हतं. ती पर्स मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली होती. तिनं नवी चप्पल घातली होती आणि पर्समध्ये भुंग्याचा एक शर्ट होता. मला वाटतं, त्याला अंगात बसेल का, हे बघायला.

कुलगुरू आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. माणसं आत शिरली. हातात सरबताचे पेले घेऊन भिंतीभिंतीनं फिरायला लागली. आता खरी परीक्षा सुरू झाली. कारण आत येणारा प्रत्येक पुरुष दारातून येत होता, आणि प्रत्येक वेळी छबी मान उंचावून बघत होती. एक उंचसा माणूस आला, बिचकत, खाली मान घालून. छबीनं माझं मनगट असं धरलं की वळ उठला. तो माणूस कुणालातरी विचारू लागला, "मुतारी कुठे?" एक दाढीवाला आला, तो वार्ताहर. एक जण दारात बराच वेळ घुटमळला, छबी दोन पावलं पुढे गेली, तर तो कुलगुरूंचा ड्रायव्हर, किल्ली मागायला आलेला. मी छबीला हसवायला म्हणालो, "अगं, ह्या दाराला आज कान धरून उठाबशा काढायला लावू." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचे ओठ हलत होते. मी कान लावला. ती मोजत नव्हती, प्रार्थना करत नव्हती, नुसतं "ये ना, ये ना" चाललं होतं, लहानपणी लपाछपीत तो सापडेनासा झाला की म्हणायची तसं.

गर्दी ओसरायला लागली. दारातून आता लोक बाहेरच जात होते.

तेवढ्यात ताई उठली. तिचे गुडघे वाजले, दोघा-तिघांनी वळून पाहिलं. इतका वेळ ताटकळून पाय आखडले असतील, म्हणून ती भिंतीशी गेली. तिनं ह्यातला एकही फोटो आधी पाहिलेला नव्हता. छबीनं दाखवलेच नव्हते. ती एका फोटोपाशी थांबली. पुढे गेली नाही. मग चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, आणि नाक फोटोला टेकेल इतकी पुढे झाली.

"हा बघा," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. जसं चावी सापडल्यावर म्हणतात तसं.

आम्ही धावलो. फोटोत मधोमध एक गुबगुबीत माणूस वळून बघत होता, कपाळावर आठ्या. मी म्हणालो, "ताई, हा नव्हे. हा बघ ना, पन्नाशीचा आहे."

"हा नाही रे मेल्या. हा."

तिचं बोट फोटोच्या अगदी कडेला होतं. पुठ्ठा असता तर ती कड पुठ्ठ्याखाली गेली असती. तिथे बंद दुकानांच्या शटरांपाशी एक माणूस उभा होता. बारीक, दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. थोडा पुसट. एका पायावर उभा, दुसरा पाय उचलून बुटानं पोटरी घासत होता.

"चोरी पकडली की असाच उभा राहतो," ताई म्हणाली. "दूध सांडलं तेव्हा असाच. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा असाच. करकोचा मेला."

मी छबीकडे पाहिलं. ती फोटोकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आधी ओळख. मग आनंद, पण तो टिकला नाही. मग जे आलं त्याला मला शब्द नाही, आणि मला शब्दांची टंचाई कधी पडत नाही.

"तो कॅमेऱ्याकडे बघतोय," ती म्हणाली.

ताईला ते ऐकू गेलं नाही. ती वळून जवळच्या माणसाला सांगायला लागली होती. जवळचा माणूस कुलगुरू होता. "हा माझा मुलगा. बारीक झालाय, पण आहे." कुलगुरूंनी आदबीनं फोटोतल्या गुबगुबीत माणसाकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि म्हणाले, "अभिनंदन, अभिनंदन." ताईनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. एवढी हसलेली मी तिला मेहुणे असतानाही पाहिली नव्हती.

छबी मला ओढत कोपऱ्यात, फ्रेमांच्या ढिगापाशी घेऊन गेली. "मामा, त्यानं मला पाहिलं."

"उन्हानं डोळे दिपले असतील गं. भर दुपार दिसतेय. त्याला कोण उभं आहे तेही कळलं नसेल."

"सावली बघितलीस?" तिचा आवाज एकदम सपाट झाला. "त्याची सावली पुढे पडलीय, माझ्याकडे. ऊन त्याच्या पाठीला होतं. माझ्या तोंडावर होतं. तो फोटोत पुसट आलाय, पण मी त्याला लख्ख दिसत होते."

"मग गर्दी आडवी आली असेल. किंवा एखादा ट्रक. तुला सांगतो, एकदा मी स्वतः..."

"मामा. नको."

मी ट्रक मागे घेतला.

"त्या दिवशी हा जाडा माणूस माझ्यावर खेकसला," ती म्हणाली. "मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून रडले. पुष्कळ रडले. एका बाईनं येऊन पाणी दिलं. म्हणजे तो तिथं उभा राहून... एक परकी बाई आली मामा, आणि तो नाही आला." थोडं थांबून म्हणाली, "मीच सांगितलं होतं ना बाबांना."

"तू किती लहान होतीस तेव्हा!"

"तो पण."

तिकडे ध्वनिक्षेपक खरखरला. प्रमुखबाईंचा आवाज आला, "आणि आता समारोपाला आपल्या कलावंत दोन शब्द बोलतील." मी म्हणालो, मी जातो, सांगतो तिला बरं नाही. पण छबी निघाली होती. उरलेले लोक वळले. तिनं ध्वनिक्षेपक धरला आणि खरोखर दोनच शब्द बोलली.

"शोध संपला."

टाळ्या पडल्या. वार्ताहरानं ते लिहून घेतलं.

"कुणाचा?" टाळ्यांच्या वरून ताईचा आवाज आला. "संपला म्हणजे काय? आत्ता तर दिसला!"

"आई, तो दिसला नाही. तो लपला." ध्वनिक्षेपक तिच्या हातातच होता, त्यामुळे हे सगळ्या दालनाला ऐकू गेलं.

"लपला म्हणजे आहे ना? नसलेला माणूस लपतो का कधी?"

"त्याला आपण नको आहोत, आई. त्यानं मला बघितलं आणि तो आला नाही. आज पेपर वाचला असेल, तरी आला नाही. अजून कसं कळायचं?"

"नको तर नको!" ताई माणसं बाजूला सारत पुढे येत होती, पर्स छातीशी. "मला कुठं त्याला विचारायचंय, आई हवी का म्हणून? मला बघायचाय. लांबून बघीन. तो लपू दे, मी पण लपून बघीन. कुठली गल्ली आहे ती?"

"आई..."

"गल्ली कुठली विचारते मी! तू नको येऊस. तू दमलीस. तुझं वय झालं आता." सत्तरीच्या पुढची बाई हे चाळिशीतल्या पोरीला म्हणाली, आणि कुणी हसलं नाही. "आण तो कॅमेरा इकडे."

कॅमेरा छबीच्या गळ्यातच होता. ती काढून देईना, म्हणून ताईनंच टाचा उंचावून तो तिच्या डोक्यावरून काढला. छबी तशीच उभी राहिली, कपडे उतरवताना लहान मूल उभं राहतं तशी. ताईनं पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला. कॅमेरा डोळ्याशी नेला, चष्म्यावर आपटला. तिनं तो उलटा धरला होता. भिंग तिच्याच डोळ्याकडे होतं.

"काळं दिसतंय सगळं," ती म्हणाली. "ह्यात बटण कुठलं दाबायचं गं?"

ताई कॅमेऱ्यावर बोटं फिरवत बटण शोधत होती. मग छबीनं हात पुढे केले, आईच्या हातांतला कॅमेरा हळूच फिरवून सुलटा केला, आणि तिचं बोट धरून बटणावर ठेवलं.